मारकडवाडीला जे बघायचं होतं

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस मतदारसंघात मारकडवाडी नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत उत्तम जानकर या मतदारसंघातून आमदार झाले, पण मारकडवाडीत त्यांना ८४३ आणि पराभूत झालेल्या राम सातपुते यांना १,००३ मतं निघाली. जानकरांच्या गावातल्या समर्थकांना हे पटेना. ३ डिसेंबरला आपल्याच खर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं त्यांनी ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले आणि ते मतदान झालंच नाही.

तेव्हापासून परदेशातल्या मराठी ग्रुपांवर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: जर्मनीने मतदान यंत्रं टाकून दिली, मग भारत कशाला धरून बसलाय? जर्मनीत राहणाऱ्याला यातलं निम्मं मान्य करावं लागतं. राहिलेलं निम्मं मात्र सहसा कुणी सांगत नाही.

जर्मनीत २००५च्या संसदीय निवडणुकीत सुमारे २० लाख मतदारांनी नेडॅप कंपनीच्या यंत्रांवर मत दिलं. त्याला आव्हान मिळालं आणि ३ मार्च २००९ रोजी घटना न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रांत घोटाळा झाल्याचं न्यायालयाने म्हटलेलं नाही, निवडणूकही रद्द केली नाही. आक्षेप वेगळा होता. मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, कुठल्याही तांत्रिक ज्ञानाशिवाय, स्वतः तपासता आले पाहिजेत. नेडॅपच्या यंत्रात कागदच नव्हता, त्यामुळे तपासायला काही उरत नव्हतं. ही अट पाळणारं यंत्र असेल तर त्याला न्यायालयाने बंदी घातलेली नाही.

म्हणून इथली, जर्मनीतली कागदावरची मोजणी नीट बघण्यासारखी असते, आणि ती कुणालाही बघता येते, मतदार नसलेल्या परदेशी माणसालाही. रविवारी संध्याकाळी ६ला मतदान संपतं. पेटी कुठे हलवत नाहीत. त्याच खोलीत, ५ ते ९ जणांचं मंडळ बसतं. त्यातले बहुतेक जण आसपास राहणारे साधे नागरिक. न वापरलेल्या मतपत्रिका आधी टेबलावरून दूर करतात. मग पेटी उघडून एकूण कागद मोजायचे आणि मतदार यादीतल्या खुणांशी ताळा जुळवायचा. पुढे पक्षांप्रमाणे गठ्ठे, कोऱ्या मतपत्रिका वेगळ्या, शंकास्पद वेगळ्या. प्रत्येक गठ्ठा दोघं जण एकामागून एक, स्वतंत्रपणे मोजतात. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. शंकास्पद कागदावर मंडळ निर्णय घेतं आणि तो त्याच कागदाच्या मागे लिहिला जातो.

पण कागद म्हणजे निर्धोक, असंही नाही. सप्टेंबर २०२१ला बर्लिनमध्ये मतपत्रिका कमी पडल्या, काही ठिकाणी भलत्याच मतदारसंघाच्या वाटल्या गेल्या, संध्याकाळी ६ नंतरही रांगा होत्या. त्याच दिवशी शहरात मॅरेथॉन असल्यामुळे रस्ते बंद होते. राज्याची निवडणूक फेब्रुवारी २०२३मध्ये संपूर्ण पुन्हा घ्यावी लागली. संसदेसाठी ११ फेब्रुवारी २०२४ रोजी २,२५६पैकी ४५५ मतदान विभागांत फेरमतदान झालं. चूक झाली ती छपाईत, वाटपात आणि नियोजनात, पण ती सगळ्यांना दिसली. दिसली म्हणूनच दुरुस्त झाली.

आता आपल्याकडे वळू. भारताचं यंत्र नेडॅपसारखं नाही. २०१३पासून टप्प्याटप्प्याने व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणारं यंत्र, आलं. बटण दाबलं की काचेमागे चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. म्हणजे कागद आहे. निवडणूक संचालन नियमांतला नियम ५६ डी म्हणतो की चिठ्ठ्यांचा आणि कंट्रोल युनिटचा, म्हणजे यंत्रात मतं साठवणाऱ्या भागाचा, आकडा वेगळा आला तर चिठ्ठ्यांचा धरायचा. जर्मन न्यायालयाला जे हवं होतं त्यातलं बरंचसं आपल्या नियमांत लिहून ठेवलेलं आहे. अडतं ते मोजण्यापाशी. २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार एका विधानसभा क्षेत्रात फक्त ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

या ५ केंद्रांचं गणित दोन्ही बाजूंनी बघायला हवं. महाराष्ट्रात २८८ गुणिले ५, म्हणजे १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि एकाही ठिकाणी तफावत नसल्याचं निवडणूक यंत्रणेने सांगितलं. राज्यातली एक टक्का यंत्रं जरी बिघडवलेली असती, तरी १,४४०मध्ये त्यातलं एकही न सापडणं जवळपास अशक्य आहे. त्यामुळे अख्खं राज्य यंत्रांनी फिरवलं, हा आरोप या आकड्यांपुढे टिकत नाही आणि विरोधकांनी हे मान्य करायला हवं. एका मतदारसंघाचं मात्र तसं नाही. ३०० केंद्रांपैकी ३० खराब आहेत असं धरा आणि त्यातली कुठलीही ५ उचला. शंभरात सुमारे ५९ वेळा पाचही चांगलीच निघतील. निकाल थोड्या मतांनी लागला असेल, तर ही तपासणी काहीच सांगत नाही.

२६ एप्रिलच्या त्याच निकालात न्यायालयाने एक सोय दिली: दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने ७ दिवसांत अर्ज करून ५ टक्के यंत्रांची मेमरी तपासून घ्यावी. आयोगाने त्यासाठी एका संचाला करासह ४७,२०० रुपये आकारले. मारकडवाडीला याचा काय उपयोग? ज्यांच्या समर्थकांना शंका होती ते जानकर पहिल्या क्रमांकावर होते. मतदाराला तर अर्जाचा अधिकारच नाही.

नुसतं कागदावर या, असं म्हणणाऱ्यांनी मुंबई वायव्यचा २०२४च्या लोकसभेचा निकालही आठवावा. रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, पण यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. निकाल फिरला टपाली मतांवर, म्हणजे कागदावर, आणि वादही बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिकांवरूनच झाला. शिवाय मारकडवाडीला आपल्या गावाचा आकडा कळला तो यंत्रामुळे. मतपत्रिकांच्या काळात दहशतीची भीती असलेल्या ठिकाणी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची तरतूद होती. कुठल्या गावाने कुणाला मत दिलं हे पुढाऱ्याला कळू नये, यासाठी.

केंद्रावर नेमकं काय चुकतं, हे पोलिंग एजंटांना, म्हणजे केंद्रावर बसणाऱ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना, चांगलं माहीत असतं. मतदानाआधी किमान ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो. नंतर कंट्रोल युनिट क्लिअर करायचं आणि त्या चिठ्ठ्या पेटीतून काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. केंद्राध्यक्ष घाईत युनिट क्लिअर करायचं विसरला की नमुना १७ सीमधला, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबातला, आकडा आणि यंत्रातला आकडा जुळत नाही. चिठ्ठ्या काढायच्या राहिल्या तर मोजणीत चिठ्ठ्यांचा आकडा जुळत नाही, आणि अफवेला तेवढं पुरतं. म्हणून एजंटाने १७ सीची सही असलेली प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. फेरमतदानाची मागणी करणाऱ्या पक्षांनी आपल्या किती एजंटांनी ती प्रत आणली, हेही सांगावं.

मोजायला वेळ लागतो, हे आयोगाचं म्हणणं गंमत म्हणून सोडण्यासारखं नाही. ५० टक्के चिठ्ठ्या मोजायला पाच-सहा दिवस जास्त लागतील असं त्यांनी २०१९ला सांगितलं होतं. पण २०२४ची लोकसभा १९ एप्रिल ते १ जून अशी ४४ दिवस चालली. पहिल्या टप्प्यातल्या नागपूरच्या मतदाराने ४ जूनपर्यंत वाट पाहिली. निसटत्या निकालांच्या मतदारसंघांत सगळ्या चिठ्ठ्या मोजायला आणखी दोन दिवस देणं त्याला जड गेलं नसतं. आणि २० डिसेंबर २०२४ रोजी निवडणुकीची कागदपत्रं लोकांना बघू देणारा नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारखी नोंद लोकांच्या तपासणीतून वगळली, ते तर सरळ उलट्या दिशेने टाकलेलं पाऊल आहे.

परदेशातल्या भारतीयांचा यात वाटा फार छोटा आहे. नमुना ६ ए भरून नाव लागतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावरच जावं लागतं. २०२४मध्ये १,१९,३७४ जणांची नोंदणी होती, मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० केरळचे. आपल्याला ऑनलाइन मतपत्रिका हवी म्हणणारे आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणणारे बऱ्याचदा एकाच ग्रुपवर असतात. या दोन मागण्या एकत्र बसत नाहीत.

मारकडवाडीत त्या दोघांची मिळून १,८४६ मतं. चिठ्ठ्या २५-२५च्या गठ्ठ्यांनी बांधायच्या म्हटलं तर ७४ गठ्ठे. जर्मनीतल्या दोन-तीन केंद्रांवर एका रविवारच्या संध्याकाळी एवढे कागद मोजून होतात, दारात उभं राहून कुणीही बघत असताना.