हजार जणांत अख्खं पुणं मावतं का? मावतं, काका

तो फॉरवर्ड आज तिसऱ्यांदा आला आणि या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर आपल्याच काकांनी टाकलाय म्हणून लिहितोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, त्यात म्हटलंय की पुणेकराला ऑफिसला पोचायला सरासरी किती वेळ लागतो हे फक्त १००० लोकांना विचारून ठरवतात, हे शहराच्या १ टक्कासुद्धा नाही, निदान १० टक्के तरी घ्या, मला आजवर कुणी विचारलेलं नाही, त्यापेक्षा आमच्या ग्रुपचा पोल खरा, आणि वर हे लोक भागताना संख्येतून एक कमी करतात म्हणजे आकडा मुद्दाम फुगवतात.

आधी ते १० टक्के. मिसळीच्या कटाची चव बघायला एक डाव पुरतो, पातेलं घरचं असो नाहीतर लग्नाचं. पातेलं मोठं म्हणून कुणी बादलीभर कट पीत नाही, फक्त तळापासून ढवळायचं, नुसतं वरून घेतलं तर सगळी तर्रीच येणार. हिशोबही तेच सांगतो. सरासरीत साधारण किती चूक असेल ते काढायला लोकांच्या वेळांमधला पसारा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, घ्यायचं आणि त्याला सँपलमधल्या, म्हणजे विचारलेल्या, माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. समजा पसारा २० मिनिटांचा आहे, तर १००० जणांवर २० भागिले ३१.६, म्हणजे पाऊण मिनिटसुद्धा नाही. यात शहराची लोकसंख्या कुठे आली? २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ३१ लाखांच्या वर माणसं होती, त्याऐवजी ११ कोटींचा अख्खा महाराष्ट्र घेतला आणि पसारा तेवढाच असला तरी उत्तर जवळपास तेच. उलट एखाद्या ४० फ्लॅटच्या सोसायटीत १० टक्के म्हणजे ४ फ्लॅट, त्यावरून काय कप्पाळ कळणार. आणि चूक निम्मी करायची तर माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात, त्यामुळे एका मर्यादेनंतर नुसता खर्च वाढतो.

"मला कुणी विचारलं नाही." बरोबर आहे, ३१ लाखांतून १००० म्हणजे ३१०० मागे एक, नसेलच विचारलं.

आता पोल, ज्याचा काकांना फार अभिमान आहे. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या मासिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यावरून रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले! पत्ते प्रामुख्याने टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांमधले होते, म्हणजे ती तर्रीच, आणि ज्यांना पोटतिडीक होती त्यांनीच जास्त करून उत्तरं पाठवली. आपल्या पोलमध्येही बटण कोण दाबतं, तर जो आत्ता चांदणी चौकात अडकलाय आणि वैतागलाय तो. वर्क फ्रॉम होमवाला कशाला दाबेल?

तो "एक कमी" वाला आरोप मात्र मला आवडला, कारण कॉलेजात मलाही तेच वाटायचं. पहिली गोष्ट, सरासरी काढताना कुणीही एक कमी करत नाही, ते फक्त पसारा मोजताना, व्हेरियन्सला. व्हेरियन्स म्हणजे प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची सरासरी काढायची; त्याचं वर्गमूळ म्हणजे वरचं स्टँडर्ड डेव्हिएशन. का, ते घरी करून बघा. तीन चिठ्ठ्या, तीन घरांतल्या दुचाकी: ०, २, ४. सरासरी २, अंतरांचे वर्ग ४, ० आणि ४, खरा व्हेरियन्स ८ भागिले ३, म्हणजे २.६७. आता एक चिठ्ठी काढा, परत टाका, पुन्हा एक काढा. अशा जोड्या ९ होतात, प्रत्येकीचा व्हेरियन्स काढताना वर्गांची बेरीज २ ने भागलीत तर नऊंची सरासरी १.३३ येते, म्हणजे खऱ्याच्या निम्मी. एक कमी करून १ ने भागलीत की बरोब्बर २.६७. कारण आपण अंतर मोजतो ते त्या जोडीच्याच सरासरीपासून, आणि ती कायम आपल्या दोन आकड्यांच्या मधोमध बसलेली असते, खरी सरासरी तिथे असेलच असं नाही. म्हणून पसारा कमी दिसतो आणि एक वजा करून तो जागेवर आणतात. फुगवणं कसलं, आणि १००० मध्ये ९९९ ने भागलं काय नि १००० ने भागलं काय.

हे सगळं परदेशी थेर आहे असं कुणी म्हणेल म्हणून सांगतो, साताऱ्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या अंदाजासाठी याच रीतीवर मोठं काम केलंय. गावं रँडम निवडायची, त्यात शेतं, शेतात एक छोटा तुकडा, तेवढंच कापून वजन करायचं.

एक मुद्दा मात्र फॉरवर्डवाल्याने मांडायला हवा होता आणि मांडला नाही. सर्व्हेवाला सकाळी ११ ला बेल वाजवत असेल तर दार रिटायर्ड माणूस उघडणार आणि काही सोसायट्यांत तर वॉचमनच आत सोडत नाही. ऑफिसला जाणारे भेटलेच नाहीत तर १००० काय नि १ लाख काय, आणि ती चूक वर्गमुळाने जात नाही.

तर काका, रविवारी क्लबहाउसमध्ये या. आपल्याकडे ऑफिसला जाणारे ११२ जण आहेत, सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकू, नीट हलवू, ३० काढू. त्यांच्याकडे रात्री ८ नंतर जायचं, कुलूप असलं तर परत जायचं, शेजारच्याला विचारून भागवायचं नाही. डबा तुम्ही आणा.