कॉइल कापून मारुती ८०० रॅलीची होत नाही

जुन्या मारुती ८०० मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ‘स्वस्तात रॅली सेटअप’ फिरतो. पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापा, स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) काढून टाका, शॉकअपमध्ये जाड तेल भरा, बुश (सांध्यातले रबरी गोल) लोखंडी करा आणि वर स्ट्रट ब्रेस (दोन्ही बाजूंचे टॉवर जोडणारा आडवा दांडा) लावा. गाडी ‘रस्त्याला चिकटते’ म्हणे. डांबरी ट्रॅकवर यातलं थोडंफार खपून जाईल. खडी-मातीच्या स्टेजवर हीच यादी गाडी मोडायची यादी ठरते.

‘एक वेढा कापा, गाडी खालीही बसते आणि कडकही होते’

आकडे मांडू. नेमके आकडे आपापल्या गाडीवर मोजून घ्यावेत, हे हिशोबापुरते. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन १७५ किलो, स्प्रिंगचा दर (एक मिमी दाबायला लागणारं वजन) १.५ किलो प्रति मिमी, काम करणारे वेढे ६ आणि दोन वेढ्यांतलं अंतर ५० मिमी. म्हणजे उभ्या गाडीत स्प्रिंग ११७ मिमी दबलेली असते. एक वेढा कापला की दर ६ भागिले ५ या प्रमाणात वाढतो, म्हणजे १.८. आता ती ९७ मिमीच दबते, पण लांबी ५० मिमीने घटली, म्हणून गाडी ३० मिमी खाली येते.

बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची धाव अडवणारं रबर) आधी ७० मिमी जागा होती असं धरा, ती ४० उरली. खड्ड्याचा धक्का झेलायची स्प्रिंगची ताकद दर गुणिले अंतराचा वर्ग अशी चालते. कापलेली स्प्रिंग मूळच्या चाळीस टक्के धक्कासुद्धा झेलत नाही. वीस टक्के कडकपणा मिळवला आणि साठ टक्के ताकद घालवली, असा हा सौदा. बाकीचा धक्का स्ट्रट टॉवर, म्हणजे बॉडीचा स्ट्रटचं वरचं टोक धरणारा भाग, खातो.

दुसरी गोची चाक हवेत गेल्यावर कळते. उभ्या गाडीतून चाक खाली ६५ मिमी लटकत असेल, तर मूळ स्प्रिंगमध्ये त्या वेळीही ५२ मिमी दाब शिल्लक असतो. कापलेल्या स्प्रिंगमध्ये लटकायची जागा ९५ झाली आणि दाब २ मिमीवर आला. त्यात कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. एका उडीत स्प्रिंग फिरते आणि वाटीच्या कडेवर चढते. गॅस कटरने कापली असेल तर त्या टोकाचं पाणीही (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरलेलं असतं, तडा तिथूनच जातो.

खाली बसवल्याने ग्रिप वाढते हेही मॅकफर्सन स्ट्रटला, म्हणजे ८०० च्या पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंग-शॉकअप एकत्र असलेल्या खांबाला, लागू नाही. गाडी खाली आली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) चाकाकडे वर चढलेला दिसतो. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त घसरतं आणि वळणावर गाडी उलट जास्त झुकते. टाय रॉड (स्टिअरिंगचा चाकाला जोडणारा दांडा) आणि आर्म यांचे कोन बिघडतात, मग खड्ड्यात चाक आपोआप वळतं.

करायचं ते असं. नवी स्प्रिंग वळवून घ्या. दर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १० मिमीऐवजी ११ मिमी तार, वेढे आणि व्यास तेच ठेवले तर १.५ चे २.२ होतात. ही स्प्रिंग ८० मिमी दबेल, म्हणजे मूळच्याच लांबीची घेतली तर गाडी ३७ मिमी उंच होईल. ते फार झालं, ॲक्सलच्या आतल्या जॉइंटवर ताण येतो आणि चाकाला लटकायला जागा उरत नाही. मोकळी लांबी १७ मिमी कमी सांगा, उंची २० मिमी वाढेल. खडीला तेवढी पुरते.

‘स्टॅबिलायझर बार काढा, चाकं मोकळी होतात’

या यादीतला हा सगळ्यात घातक सल्ला. ८०० मध्ये हा बार नुसता झुकणं रोखत नाही. लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बुशवर आहे, आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवणारी एकमेव वस्तू म्हणजे बारचं आर्ममधून गेलेलं टोक. फोर्डच्या जुन्या एस्कॉर्टमध्येही हीच रचना होती. बार काढला की पहिल्याच जोराच्या ब्रेकला चाक मागे ओढलं जाऊन मडगार्डला घासेल. बार काढायचाच असेल तर आधी दोन्ही बाजूंना वेगळे रॉड आणि बॉडीवर त्यांचे पक्के ब्रॅकेट हवेत.

लोखंडी बुशचं उत्तरही इथेच आहे. बारचं टोक आर्ममध्ये थोडं डोलावं लागतं. बुश घट्ट लोखंडी केला की ते डोलणं बंद होतं आणि बार आट्यांपाशी वाकून वाकून तुटतो. नवे रबर किंवा ८० ते ९० शोअरचे (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) पॉलीयुरेथेन बुश घ्या. लोअर आर्मच्या रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळा. जॅकवर आवळला तर रबर कायम पीळ खात राहतं आणि लवकर फाटतं.

‘शॉकअपमध्ये जाड तेल भरा’

जाड तेल दोन्हीकडे अडवतं, दबतानाही आणि उलगडतानाही. लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर धावते. स्प्रिंग १.४७ पट झाली तर डॅम्पिंग त्याच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे साधारण १.२ पट लागतं, तेही मुख्यतः उलगडताना. हे व्हॉल्व्हच्या पत्र्या बदलून होतं, तेल बदलून नाही.

‘स्ट्रट ब्रेस लावला की झालं’

ब्रेस लावायला हरकत नाही, पण फुटतात ते टॉवरचे स्पॉट वेल्ड. अंडरकोट खरवडून गंज पाहा आणि सांध्यांवर २० ते २५ मिमीचे टाके, मध्ये ४० मिमी सोडून, वेल्ड करा. सलग वेल्ड ओढू नका, पत्रा वाकतो.

शेवटी अलाइनमेंट: आधी उंची, मग कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा कल) अर्धा ते एक अंश उणे, म्हणजे आत, मग टो (चाकांच्या पुढच्या कडांची दिशा) शून्य ते २ मिमी बाहेर. खड्ड्यात चाक आपोआप वळतं का ते पाहायला स्प्रिंग बाहेर काढून चाक जॅकने १० मिमीच्या टप्प्यांनी वर न्या आणि प्रत्येक टप्प्यावर टो लिहून ठेवा. तो सरळ एका दिशेने वाढत असेल तर टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची चुकली आहे, ती दुरुस्त करून पुन्हा मोजा.