‘नुसते चिठ्ठ्या भरणारे कारकून’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबणार म्हणून वेगळं लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोश जेम्स मरे आणि इतर विद्वान संपादकांनी केला, कोशासाठी पुस्तकांतली वाक्यं उतरवून पाठवणारे बाहेरचे लोक म्हणजे ‘नुसते चिठ्ठ्या भरणारे कारकून’, आणि त्यांच्यातल्या डॉ. मायनरसारख्या खुन्याला मी डोक्यावर घेतलं. आणि हे सगळं मी मसाला म्हणून लिहिलं.

मसालाच घालायचा असता तर बग्गीची गोष्ट सोडली नसती. मरे ब्रॉडमूरला, म्हणजे वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळात, बग्गीतून उतरतो, समोरच्या अधिकाऱ्यालाच डॉ. मायनर समजतो, आणि मग कळतं की मायनर इथला डॉक्टर नसून रुग्ण आहे! फर्मास आहे, पण भाकडकथा आहे. १८९१ साली मरे पहिल्यांदा तिथे गेला, तेव्हा त्याला खरी हकिकत आधीच ठाऊक होती. हार्वर्डचा ग्रंथपाल जस्टिन विन्सर बोलता बोलता त्याला ती सांगून गेला होता.

आता कारकुनांचं. शब्द कधी आला, त्याचे अर्थ कसे बदलत गेले, हे छापील वाक्यांच्या पुराव्यानं दाखवायचं असा या कोशाचा पण होता. त्यासाठी कित्येक शतकांची पुस्तकं कुणीतरी वाचायला हवी होती. १८७९ साली मरेनं जाहीर आवाहन केलं: पुस्तक वाचा, अर्ध्या कागदाच्या चिठ्ठीवर वरच्या डाव्या कोपऱ्यात शब्द लिहा, खाली साल, लेखक, पुस्तक, पान आणि ते वाक्य. पैसे मिळणार नाहीत.

दिसायला कारकुनीच. पण त्यात काय घोळ झाला ते बघा. ‘अब्यूजन’ हा कधीच वापरातून गेलेला शब्द, त्याच्या पन्नासेक चिठ्ठ्या जमल्या होत्या. रोजच्या ‘अब्यूज’च्या पाचही नाहीत. वाचणाऱ्याची नजर अनोळखी शब्दावर अडकते आणि नेहमीचा शब्द डोळ्यांदेखत निसटतो. मग साध्या साध्या शब्दांसाठी मरे आणि त्याचे मदतनीस स्वतःच पुस्तकं धुंडाळत बसले.

मायनरनं हा गुंता कसा सोडवला ते मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही बहुधा तो परिच्छेद ओलांडून पुढे गेलात. तो एक जुनं पुस्तक घेई, कागद दुमडून त्याची छोटी वही करी आणि बारीक अक्षरात त्या पुस्तकातले शब्द वर्णक्रमानं मांडी, पुढे पान क्रमांक. चिठ्ठी लगेच लिहीत नसे. ऑक्सफर्डला पत्र टाकून विचारी, सध्या कुठल्या शब्दावर काम चाललंय? उत्तर आलं की वह्या काढून नेमक्या त्याच शब्दाची वाक्यं धाडी. कारकून सांगितलेलं काम करतो. यानं कामाची रीतच उलटी केली. गेल्या चार शतकांची उदाहरणं एकट्या मायनरच्या वाक्यांमधून सहज देता येतील, असं १८९९ साली खुद्द मरेनं लिहिलंय.

फिट्झएडवर्ड हॉलचा तर तुम्ही उल्लेखही केला नाहीत. हा अमेरिकन १८४६ साली कलकत्त्याला आला, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागला, १८५७ च्या धामधुमीत सागरच्या किल्ल्यात अडकून पडला (हो, गोविंदपंत बुंदेल्यांचंच सागर). पुढे लंडनला संस्कृतचा प्राध्यापक झाला, तिथे दुसऱ्या एका संस्कृत पंडिताशी वाजलं, नोकरी गेली, संसार मोडला. मग सफोकमधल्या एका खेड्यात एकटा राहून त्यानं वीसेक वर्षं, रोज चार-चार तास, या कोशाची प्रुफं तपासली. फुकट. मरेची आणि त्याची भेट एकदाही झाली नाही.

आणि विद्वान संपादक म्हणाल, तर मरे स्वतः शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. काही वर्षं बँकेत कारकुनी केली होती त्यानं, अगदी खरीखुरी.

खुनाबद्दल. मेलेल्या माणसाचं नाव जॉर्ज मेरेट. १७ फेब्रुवारी १८७२ ला भल्या पहाटे तो लंडनच्या लँबेथ भागातून बिअरच्या कारखान्यात कामावर निघाला होता. आपल्याला छळायला लोक रात्री खोलीत शिरतात, या भ्रमात मायनरनं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कोर्टानं वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवून त्याला ब्रॉडमूरला बेमुदत डांबलं. मेरेटची विधवा पुढे काही काळ तिथे जाऊन त्याला भेटत असे, लंडनहून पुस्तकं नेऊन देत असे. यातलं काहीही मी लपवलं नव्हतं. मायनरच्या कामाचं कौतुक केलं, ते पुन्हाही करीन.

शेवटी तुम्ही विचारलंय, की बाहेरचे इतके कामाचे होते तर दहा वर्षांचा कोश १९२८ पर्यंत का लांबला? प्रश्न रास्त आहे. १८८४ साली पहिला भाग निघाला तेव्हा गाडी ‘ए’ पासून ‘अँट’ पर्यंतच आली होती, आणि १९१५ साली मरे गेला तेव्हा तो ‘टी’ वर होता. कामाचा आवाका हे मुख्य कारण. पण बाहेरच्यांनी खोळंबाही केला. मरेच्या आधीच्या काळात जमलेल्या चिठ्ठ्या अक्षरवार बाहेरच्या मदतनीसांच्या घरोघरी वाटल्या होत्या, त्या परत मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले. ‘एच’ च्या चिठ्ठ्या निघाल्या थेट फ्लॉरेन्सला. एका पोत्यात मेलेला उंदीर होता. ‘पीए’ नं सुरू होणाऱ्या शब्दांच्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, तोवर बहुतेक चिठ्ठ्या आग पेटवण्यात संपल्या होत्या.