नामंजूर प्रस्ताव नव्हे, तो मेसेज पुसा

‘ओपन सोर्सवाल्यांनो, प्रस्ताव लिहिणं बंद करा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, आणि प्रस्ताव म्हणजे त्यात मोठा बदल करण्याआधी तो का आणि कसा करायचा हे लिहून चर्चेला ठेवलेला कागद. मी त्याच्याकडे काणाडोळाच केला होता. पण ज्या मैत्रिणीबरोबर मी एक छोटी लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड) सांभाळते, तिने तो मनावर घेतला, आमच्या रेपोतलं, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातलं, नाकारलेल्या प्रस्तावांचं ‘नामंजूर’ नावाचं अख्खं फोल्डर उडवलं आणि वर मला कळवलं, “झाडून काढलं गं सगळं!” तिच्या लेखी चार वर्षांचा कचरा. माझ्या लेखी चार वर्षांची भांडणं आणि त्यातून कसेबसे निघालेले निर्णय. म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम प्रस्तावांशिवाय उभी राहिली. प्रस्ताव म्हणजे निव्वळ नोकरशाही. निर्णय पसंतीचे अंगठे (लाइक) मोजून घ्यावा. आणि नामंजूर प्रस्ताव पुसून टाकावेत, कारण ते पाहून नवखे बिचकतात.

लिनक्सचं आधी उरकते. ‘बोलणं स्वस्त असतं, कोड दाखव’ असं लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २००० साली म्हणाले होते, हे खरं. पण तेवढंच एक वाक्य उचलणाऱ्याने कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, येणारे दस्तऐवज उघडलेले दिसत नाहीत. त्यात सुरुवातीच्या नियोजनावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते सांगतं की यशाची बरीचशी पायाभरणी कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच होते. उदाहरण म्हणून तिथे अ‍ॅपआर्मर आहे. सुरक्षेसाठीच्या या मॉड्यूलचा कोड तयार होता, चालतही होता. पण व्हर्च्युअल फाइलसिस्टीमच्या (कर्नलमधल्या फाइली हाताळणाऱ्या थराच्या) आतल्या रचना त्याने ज्या तऱ्हेने वापरल्या होत्या, ती इतरांना धोक्याची वाटली आणि अ‍ॅपआर्मर वर्षानुवर्षं मुख्य कर्नलबाहेर राहिलं. आत आलं ते २०१० मध्ये, २.६.३६ या आवृत्तीत. कोड तर दाखवला होता की! शिवाय अजून कच्चा असलेला पॅच (बदलाचा कोड) ‘आरएफसी’, म्हणजे ‘अभिप्राय द्या’, असा शिक्का मारून चर्चेला पाठवायची रीत कर्नलमध्ये जुनीच आहे.

नोकरशाहीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, कबूल. टायपो दुरुस्त करायला कुणी पाच पानी टेम्प्लेट भरायला लावत असेल तर त्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) खुशाल शिव्या घाला. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची आरएफसी पद्धत स्वतःच सांगते की बग दुरुस्ती आणि डॉक्युमेंटेशनची सुधारणा साध्या पुल रिक्वेस्टने (‘माझा हा बदल घ्या’ अशा विनंतीने) करा, आरएफसी मोठ्या बदलांसाठी ठेवा. प्रस्तावांवरच्या वादात माणसं थकतात, हेही खरं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत अशा प्रस्तावाला पेप म्हणतात. पेप ५७२ वरून झालेल्या गदारोळानंतर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी तिचं नेतृत्व सोडलं. पण पुढे काय झालं? कारभार कसा चालावा हे ठरवायलाही त्या लोकांनी पुन्हा पेपच लिहिले! त्यातला ८०१६ निवडला गेला आणि पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल आली. हो, तिथे मतदान झालं. पण ते लिहून काढलेल्या पर्यायांवर, आणि मत देणारे कोअर डेव्हलपर होते, म्हणजे निकाल ज्यांना निभवायचा होता तेच. येता-जाता इश्यूवर (मागणीच्या किंवा तक्रारीच्या नोंदीवर) अंगठा ठेवणारा पुढची दहा वर्षं त्या फीचरचे बग सोडवायला येत नाही.

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं तो मुद्दा. नामंजूर प्रस्ताव पुसा म्हणे!

पायथनचा पेप ३०८ घ्या. एकाच ओळीत ‘इफ-एल्स’ (असं असेल तर हे, नाहीतर ते) लिहिता यावं, एवढीच मागणी. प्रस्ताव २००३ चा. चर्चा झाली, मतदानही झालं. असं काहीतरी हवं असं बऱ्याच जणांना वाटत होतं, पण कुठल्याच एका रूपाला बहुमत मिळेना, म्हणून पेप नाकारला गेला. अंगठे मोजणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ही सोय मिळत नाही म्हणून लोक ‘अँड’ आणि ‘ऑर’ जोडून जुगाड करत राहिले आणि त्यात चुका होत राहिल्या. सप्टेंबर २००५ मध्ये नेमक्या याच कारणाने गिडो यांनी एक रूप निवडलं आणि २००६ मध्ये पायथन २.५ मधून ते सगळ्यांच्या हाती आलं. ही सगळी कथा मला कुठे सापडली? त्याच पेपमध्ये. नकार, नकाराचं कारण आणि नंतरचा होकार, सगळं एका कागदावर. नाकारला त्या दिवशी कुणी फाइल ‘झाडून’ काढली असती तर दोन वर्षांनी तोच वाद पहिल्या पानापासून सुरू झाला असता.

पेप कसे चालतात ते सांगणारा पेप १ तर हे सरळच सांगतो: कल्पना शेवटी चांगली ठरली नसेल, तरी त्याची नोंद राहणं महत्त्वाचं.

“गिटमध्ये इतिहास असतोच ना,” असं मैत्रीण म्हणाली. असतो; गिट कोडमधला प्रत्येक बदल ‘कमिट’ म्हणून जपून ठेवतं. पण जी फाइल कधी होती हेच ठाऊक नाही, ती जुन्या कमिटमध्ये कोण शोधणार? आणि नवखे बिचकतात ते कशाने? आमच्याकडे फोल्डर गेल्यावर नवव्या दिवशी एका मुलाने कॉन्फिगरेशनचा फॉरमॅट बदलायची पुल रिक्वेस्ट पाठवली. मेहनतीचं काम होतं. तीच कल्पना आम्ही दोन वर्षांपूर्वी कारणं देऊन बाजूला ठेवली होती. आधी कळलं असतं तर त्याचा वेळ वाचला असता. आता त्याला “नाही” म्हणायचं काम माझ्यावर आलं, आणि पुरावा म्हणून दाखवायला काही नव्हतं.

फोल्डर मी परत आणलंय. मैत्रिणीकडे आता एकच काम दिलंय: प्रत्येक फाइलच्या माथ्यावर तीन ओळी. कधी नाकारला, कशामुळे, आणि काय बदललं तर पुन्हा उघडू. काल तिने पहिल्या सहा फाइली केल्या, आणि त्यातला एक प्रस्ताव आता मंजूर करायला हरकत नाही, असं तिचंच म्हणणं आहे.