जिवंत परत आलेल्यांचं काय?

सोसायटीच्या मीटिंगमधून मधेच उठून आलेय. डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

२६ जानेवारीचा कार्यक्रम ठरत होता. फ्लेक्स, नाश्ता, देशभक्तीच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा. मी म्हटलं, यंदा ऑर्केस्ट्रा राहू द्या, ते पैसे खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला देऊ. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथे राहतात. १९७४ पासून चाललेली संस्था, आपल्याच पुण्यातली. तर एकजण म्हणाले, "पण त्यात शहीद कोणी नाही ना? मग फ्लेक्सवर फोटो कोणाचा लावायचा?" बाकी सगळे गप्प!

म्हणजे मेल्याशिवाय फ्लेक्सवर जागा नाही?

माझा चुलतभाऊ काश्मीरमध्ये जखमी झाला. कमरेखाली संवेदना नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी तो परत आला त्या दिवशी वेशीपासून ढोल-ताशे होते. पुढारी आले, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. घराशी आल्यावर कळलं की व्हीलचेअर उंबऱ्यावरून आत जात नाही. संडास परसात, पायऱ्या उतरून. एवढ्या मोठ्या सत्कारात हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. दादाला चौघांनी उचलून आत नेलं, तेव्हा त्याने मान फिरवली होती.

नंतर गल्लीतल्या दोन गवंड्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन दारात उतार बांधला, संडासाचं दार रुंद केलं. मजुरी घेतली नाही. सिमेंट कोणी पाठवलं ते वहिनीला आजही माहीत नाही.

सरकारने करावं, असं म्हणाल. मान्य, पहिली जबाबदारी सरकारचीच, आणि पेन्शन येते. पण अपंगत्वाच्या पेन्शनसाठी जवानांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलंय, धरमवीर सिंग यांचा २०१३ चा निकाल काढून वाचा. आणि पेन्शन आली तरी रात्री दर दोन तासांनी दादाची कूस वहिनीलाच बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हवेच्या गादीची मोटर विजेवर चालते. लाइट गेली की गादी बसते आणि वहिनी उठून बसते. तिच्या अंगावर कोणी शाल घातल्याचं मला आठवत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर घ्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली! शेहेचाळीस वर्षं आपण काय करत होतो? सुवर्णपदक आणणाऱ्याची ही गत, तर गावात पडून असलेल्या माझ्या दादाला कोण विचारतो?

काही संस्थांत पैसे खातात, हेही खरं. मग जाऊन बघा, पावती घ्या. खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, १९१७ पासून अपंग जवानांना हातात काम देतेय. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी आहे. शाळेत आपण पाच-दहा रुपये देऊन तो छोटा झेंडा छातीला लावायचो ना, तोच. १९४९ पासून चालू आहे. मोठे झालो, पगार वाढले, आणि तेवढंही सुटलं.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत, कोणाच्याही अडीनडीला धावतात. त्यांनी असं घर आतून पाहिलेलं नाही, एवढंच. मला वाटतं, त्या दिवशी सत्काराला आलेल्यांपैकी एकाने जरी आधी घरी येऊन दार मोजलं असतं, तरी दादाला मान फिरवावी लागली नसती. द्यायचं तर आधी विचारा की काय लागतंय. डायपर लागतील, लघवीच्या नळ्या लागतील, पोरांच्या फिया असतील, इन्व्हर्टरची बॅटरी असेल. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, आणि हे दर महिन्याला लागतं, वर्षानुवर्षं.

ऑर्केस्ट्रा ठरलाय, तो होईल. मी माझी वर्गणी यंदा खडकीला देतेय आणि पावती नोटीस बोर्डावर लावणार आहे, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. येत्या रविवारी सकाळी मी स्वतः तिथे जाणार आहे, आधी फोन करून काय हवंय ते विचारूनच. गाडीत तिघांची जागा आहे. यायचं असेल त्यांनी मेसेज करा. आणि वहिनीच्या इन्व्हर्टरसाठी कृपया कोणी पैसे पाठवू नका, ते आम्ही भावंडांनी बघितलंय.