क्विक कपलिंगबाबतच्या दाव्याचा खुलासा

‘दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असलेले क्विक कपलिंग दाब असतानाही काढा, थेंबही सांडत नाही,’ असा संदेश हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) नळ्या झटपट जोडण्या-सोडण्याच्या या सांध्याबद्दल फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. ट्रॅक्टरवर सर्रास दिसणाऱ्या पॉपेट (स्प्रिंगने दाबलेल्या बुचासारख्या व्हॉल्व्हच्या) प्रकारात कपलिंग सुटताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात, परंतु त्यांच्यामधल्या पोकळीतले थोडे तेल बाहेर पडतेच. आयएसओ 16028 या आंतरराष्ट्रीय मानकातील फ्लॅट-फेस कपलिंगची तोंडे सपाट असल्यामुळे तेथे जवळजवळ केवळ ओलसर थर उरतो.

दाबाखाली कपलिंग सोडणे मात्र, त्यासाठी खास बनवलेले प्रकार वगळता, दोन्हींत धोक्याचे आहे, कारण उच्च दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते. पंप बंद करून, हायड्रॉलिकचा लिव्हर पुढेमागे हलवून आधी दाब उतरवावा.