‘एका ओळीत कायदा रद्द’ या दाव्याविषयी

समाजमाध्यमांवर फिरणारा दावा थोडक्यात असा आहे: कालबाह्य कायदा रद्द करायला एका ओळीचे विधेयक पुरते, २०१६ मध्ये संसदेने साडेसातशेहून अधिक कायदे एका फटक्यात मोडीत काढले, तर उरलेले सगळे एका दिवसात का जाऊ नयेत?

आधी आकडा पाहू. ते कायदे विनियोजन अधिनियम होते, म्हणजे संचित निधीतून (सरकारच्या मुख्य तिजोरीतून) ठरावीक वर्षाच्या खर्चाला मंजुरी देणारे. वर्ष सरले की त्यांचे काम संपते. ही अडगळ निघाली हे चांगलेच झाले, परंतु जिवंत कायद्याच्या निरसनाला, म्हणजे तो रद्द करायला, किती वेळ लागावा, याचे माप त्यावरून काढता येत नाही.

‘रद्द झाला म्हणजे संपला’ हे गृहीतक तर मुळातच चुकीचे आहे. सर्व केंद्रीय कायद्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ६ नुसार, वेगळा उद्देश दिसत नसेल तर, निरसनापूर्वी मिळालेले हक्क, अंगावर आलेली दायित्वे आणि झालेल्या गुन्ह्यांची शिक्षा यांना धक्का लागत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली आणि १८६० ची दंड संहिता तिच्या कलम ३५८ ने निरसित झाली. तरीही ३० जूनच्या रात्री झालेल्या चोरीची फिर्याद २ जुलैला नोंदवली गेली, तर आरोपीला जुन्या संहितेचेच कलम लागते. विधेयकाची ओळ एकच दिसते, कारण उरलेला भार १८९७ चा कायदा आणि नव्या कायद्यातील व्यावृत्तीचे (जुन्या कायद्याखालच्या गोष्टी राखून ठेवणारे) कलम मिळून उचलतात.

‘सरकारने ठरवले की झाले’ हेही खरे नाही. तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, पण ते कायद्याच्या पुस्तकातून गेले ते २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी निरसन विधेयक मंजूर केल्यावर आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावरच. (विधेयक चर्चेविना मंजूर झाले, घाई शक्य असते, पण ती अनुकरणीय ठरत नाही.) शिवाय राज्यसूचीतील विषयांवर राज्य विधिमंडळांनी केलेले कायदे संसद सहसा रद्द करू शकत नाही, ही बाब दाव्यात येतच नाही.

खरी दिरंगाई मतदानात नसते, त्याआधीच्या छाननीत असते. जुन्या कायद्याखालील नियम आणि अधिसूचना, तोच कायदा नव्या रूपात पुन्हा केला गेल्यास, त्याच्याशी विसंगत नसतील तितक्या १८९७ च्या त्याच कायद्याच्या कलम २४ मुळे चालू राहतात. पण नुसतेच निरसन झाले, तर त्यांचा आधारच जातो. म्हणून प्रक्रिया सुटसुटीत करायची असेल तर प्रत्येक निरसन विधेयकासोबत अशा नियमांची आणि इतर कायद्यांतील उल्लेखांची यादी जोडणे सक्तीचे करावे. ती यादी संबंधित विभागाने आधीच तयार ठेवली, तर सभागृहाला खरोखरच एका दिवसात निर्णय घेता येईल.